खिडकी बदला, पण घर सांभाळा

मोशी हे गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी आहे. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. एका अंगाला भोसरीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला चाकणचे. हाताला काम मिळाले तशी घरेही बदलू लागली. तरी जुन्या घरांतल्या खिडक्या पुष्कळ ठिकाणी तशाच आहेत. लहानशी लाकडी चौकट, लोखंडी गज, आणि पावसाळ्यात फुगून बसणारी कवाडे. त्या जागी सरकत्या काचांची मोठी खिडकी बसवावी, असे घरोघर वाटते. वाटणे बरोबरच आहे. घरात उजेड येतो. वारा खेळतो. चुलीचा धूर बाहेर जातो. डासांसाठी जाळीही लावता येते.

पण खिडकी बदलायची म्हणजे भिंतीला हात घालावा लागतो. छिन्नी-हातोडा चालला की धूळ उडते. ती एका खोलीत गप बसत नाही. साऱ्या घरात हिंडते.

आमच्या शेजारच्या एका घरी असेच झाले. सकाळी मिस्त्री आला आणि लगेच ठोकाठोक सुरू झाली. कोणी काही हलवले नाही, काही झाकले नाही. संध्याकाळी बघतात तर काय! पिठाच्या डब्यात खर. गोधड्यांत खर. पाण्याच्या हंड्यावर धुळीची साय. पाळण्यातले पोर रात्रभर खोकले. खिडकी एका दिवसात बसली, पण घर धुवायला चार दिवस लागले. त्यात बाईचे कामावर दोन खाडे झाले. त्या दोन दिवसांची मजुरी बुडाली. एवढ्या पैशात प्लास्टिकचे किती तरी कापड आले असते!

म्हणून आज आपण पाहू या, की खिडकी बदलताना घर स्वच्छ कसे ठेवावे.

धूळ दिसते तेवढीच नसते

सकाळी कौलांतून कवडसा पडतो. त्यात धुळीचे कण नाचताना तुम्ही पाहिले असतील. कवडसा सरला की कण दिसत नाहीत. पण ते असतातच.

एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यांतला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. भिंत फोडताना याहून कितीतरी बारीक कण उडतात. जाड खर लगेच खाली पडते. दहा मायक्रॉनहून बारीक कण मात्र नाकातून आत जातात. त्यांतले अगदी बारीक असतात ते फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. असे कण हवेत तासन् तास तरंगत राहतात. धूळ बसली असे आपल्याला वाटते, तेव्हाही ती सगळी बसलेली नसते.

सिमेंटच्या गिलाव्यात वाळू असते. वाळूत सिलिका नावाचा पदार्थ असतो. ही धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस नावाचा रोग होतो. फुप्फुसे कडक होतात, दम लागतो. गेलेले फुप्फुस परत येत नाही.

पाटीवरची पेन्सिल तुम्ही हातात धरली आहे. मध्य प्रदेशात मंदसोर येथे त्या पेन्सिली करण्याचा मोठा धंदा होता. दगड कापताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या किती तरी कामगारांना हा रोग झाला. शेवटी १९८२ साली त्या राज्याने पेन्सिल-कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा केला. ज्या पेन्सिलीने आपण अक्षरे गिरवली, तिच्यासाठी कोणाची तरी छाती गेली होती. हे ध्यानात ठेवावे.

घरातल्या एक-दोन दिवसांच्या कामाने घरच्यांना सिलिकोसिस होत नाही. तेव्हा उगाच भिऊ नका. पण दमेकऱ्याला दम लागतो. तान्ह्या मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला खोकला होतो. आणि मिस्त्री तर रोज एका घरात भिंत फोडतो. त्याच्या छातीत रोजच धूळ जाते. आपण काळजी घेतली तर त्याचेही भले होते.

काम ठरवताना

पावसाळ्यात हे काम काढू नये. सोसाट्याचा वारा सुटतो ते दिवसही टाळावे. घराला रंग द्यायचा असेल तर आधी खिडकी बसवावी, मग रंग द्यावा.

नवी खिडकी तयार होऊन दारात आल्यावाचून जुनीला हात लावू देऊ नका. नाही तर भिंतीला भगदाड राहते आणि मिस्त्री आठ दिवस फिरकत नाही. धूळ येते, मांजर येते, चोरही येतो. सगळ्या खिडक्या एकदम काढू नका. एका वेळी एक खोली घ्या.

खिडकी मोठी करायची असेल तर वरच्या भिंतीला आधार लागतो. मातीच्या भिंतीत तर फारच जपावे लागते. जाणत्या गवंड्याला आधी दाखवा, मगच फोडा.

आदल्या दिवशी

१. खोली होईल तेवढी रिकामी करा. खिडकीपासून सहा फूट तरी जागा मोकळी हवी. गोधड्या, कपडे, धान्य, पुस्तके दुसऱ्या खोलीत न्या. देवांच्या तसबिरी आणि भिंतीवरचे घड्याळ उतरवा. ठोके बसले की खिळे ढिले होतात.

२. कपाट, पलंग हलत नसेल तर प्लास्टिकच्या कापडाने झाका आणि दोरीने बांधा. नुसते जुने लुगडे टाकून भागत नाही. बारीक धूळ सुती कापडातून आत शिरते.

३. जमिनीवर आधी प्लास्टिक पसरा. त्यावर गोणपाट किंवा जुनी चादर घाला. नुसत्या प्लास्टिकवर पाय घसरतो. गोणपाट असले की खर त्यातच अडकते.

४. घरात उघडणाऱ्या दारावर वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचा पडदा लावा. उंबऱ्याशी फट राहते. तिथे ओल्या फडक्याची गुंडाळी करून ठेवा.

५. पिठाचे, मिठाचे, डाळीचे डबे घट्ट लावा. पाणी भरून झाका. दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक काम सुरू व्हायच्या आधी उरका.

६. तान्हे मूल, म्हातारे माणूस, दमेकरी यांना त्या दिवसापुरते शेजारी किंवा नातलगांकडे पाठवा. सहा महिन्यांचे पोर काही तोंडाला फडके बांधत नाही. त्याचा विचार आपणच करायचा.

काम चालू असताना

पंखा बंद ठेवा. पंख्याने धूळ घरभर जाते. भिंतीत विजेची तार असेल तर त्या बाजूची वीज बंद करून घ्या.

छिन्नीने फोडायच्या जागेवर आधी थोडे पाणी शिंपडा. ओली खर उडत नाही. पण यंत्राने कापायचे असेल तर त्यावर आपल्या मनाने पाणी ओतू नका. विजेचा धक्का बसेल. ज्या यंत्राला पाण्याची सोय असते तेच पाण्यावर चालवावे.

मिस्त्रीला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला मास्क लावायला सांगा. एन-९५ जातीचा मास्क बारीक कण अडवतो. तोंडाला रुमाल बांधून जाड धूळ अडते, बारीक अडत नाही. मास्क नसेल तर आपण आणून द्यावा. आपण त्यांना चहा देतोच की नाही? तसाच मास्कही द्यावा.

काच फुटली तर ती राडारोड्यात मिसळू नका. जाड कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवा. खिळे वेचून घ्या. घरात कोणी अनवाणी फिरू नये. पडलेली खर घमेल्यात भरून लगेच पोत्यात टाका. ढीग ठेवला की पायांनी घरभर जाते.

नव्या खिडकीच्या पट्ट्यांवर चिकट कागद लावलेला असतो. गिलावा होईपर्यंत तो काढू देऊ नका. ओल्या सिमेंटने ॲल्युमिनियमवर डाग पडतात. गिलावा झाला की मात्र कागद लवकर काढा. उन्हाने त्याचा डिंक घट्ट बसतो.

जुना रंग आणि जुने लाकूड

जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरगुती रंगात १० लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण आपली चौकट त्याच्याही कितीतरी आधीची असते. तिचा रंग कोरडा खरवडू नका. ओला करून काढा. पडलेल्या खपल्या वेचून टाका. रांगते मूल त्या तोंडात घालते.

आणखी एक गोष्ट. जुनी चौकट फोडून लोक चुलीत किंवा पाण्याच्या बंबात घालतात. फुकटचे सरपण कोणाला नको? पण रंगवलेले लाकूड जाळू नये. रंगातले शिसे धुरात आणि राखेत उतरते. त्या राखेने भांडी घासली तर ते ताटात येते. चौकट शाबूत असेल तर विकावी.

काम झाल्यावर

लगेच झाडू घेऊ नका. कोरडा झाडू बसलेली धूळ पुन्हा उडवतो. तास-दोन तास थांबा. मग जमिनीवर पाणी शिंपडा, किंवा लाकडाचा भुसा ओला करून पसरा आणि हलक्या हाताने झाडा.

साफसफाई वरून खाली करावी. आधी आढे आणि पंखा, मग फळ्या, मग भिंती, शेवटी जमीन. ओल्या फडक्याने पुसावे. पाणी गढूळ झाले की बदलावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पुसावे, कारण रात्रीतून आणखी धूळ बसते.

पसरलेले कापड चारी कोपरे आत घेऊन गुंडाळा आणि तसेच बाहेर न्या. शेजारणीच्या वाळवणाच्या बाजूला झटकू नका.

सिमेंटचे पाणी मोरीत ओतू नका. ते नळीत घट्ट बसते आणि मोरी तुंबते. ओल्या सिमेंटने हात भाजल्यासारखे होतात. तेव्हा हात स्वच्छ धुवावेत. नव्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बारीक भोके असतात. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून ती असतात. त्यांत सिमेंट अडकले असेल तर काडीने काढा.

राडारोडा कुठे टाकायचा?

इंद्रायणीत नाही, ओढ्यात नाही, रस्त्याच्या कडेला तर नाहीच. ओढा बुजला की पावसाचे पाणी घरात शिरते. बांधकामाचा राडारोडा वेगळा गोळा करावा, असे नियम केंद्र सरकारने २०१६ सालीच केले. त्यावर प्रक्रिया करण्याचा महापालिकेचा प्रकल्प आपल्या मोशीतच आहे. भिंतीचे तुकडे तिथे भरडले जातात आणि पुन्हा बांधकामाला उपयोगी पडतात. पोती भरून ठेवा. ती कधी नेतील आणि काय आकार पडेल, हे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

चिठ्ठी लिहा

तोंडी ठरलेले मिस्त्री विसरतो, आपणही विसरतो. मग भांडण होते. आता तुम्हांला लिहिता येते. अंगठा उठवायचे दिवस गेले. काम सुरू होण्याआधी एका कागदावर ठरलेली बोली लिहा. दोघांनी खाली सही करा. एक प्रत त्याच्याकडे द्या, एक आपल्याकडे ठेवा. खालचा नमुना वहीत उतरवून घ्या आणि मोकळ्या जागी आपला मजकूर भरा.

तारीख: ......
१. खिडक्या किती: ...... माप: ...... फूट
२. मजुरी: ...... रुपये. आगाऊ दिले: ...... रुपये
३. नवी खिडकी आणल्यावरच जुनी काढायची.
४. फोडताना पाणी शिंपडायचे. मास्क लावायचा.
५. राडारोडा पोत्यांत भरून कोणी न्यायचा: ......
६. काम किती दिवसांत संपवायचे: ......
घरमालकाची सही: ...... मिस्त्रीची सही: ......