होडीचे पांघरूण

बैलाला आपण झूल घालतो. कडब्याची गंज पावसाआधी झाकतो. होडी मात्र काठावर उघडी पडलेली असते. असे का?

शिरूर तालुक्यात घोड नदीवर चिंचणीचे धरण आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याचे पाणी दौंड, इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांत पसरले. या पाण्यावर होड्या चालतात. किती तरी घरांची चूल मासेमारीवर पेटते. तेव्हा होडी म्हणजे त्या घरचा बैलच.

उघड्या होडीचे काय होते ते पाहा. लाकडी होडी उन्हाने वाळते. फळ्यांच्या सांधी उघडतात. मग पावसाचे पाणी साचून लाकूड कुजते. पत्र्याला गंज चढतो. फायबरची होडीही उन्हाने खराब होते.

आता पाण्याचे वजन पाहू. होडीचा तळ १० फूट लांब व ३ फूट रुंद धरा. त्यात २ इंच पाणी साचले, तर ते सुमारे १४० लिटर होते. एक लिटर पाणी एक किलो भरते. म्हणजे दोन धडधाकट माणसे रात्रभर होडीत बसून राहिली! पाऊस वाढला की होडी जागीच बुडते.

हे सर्वांना ठाऊक आहे. ताडपत्रीही असते, पण ती घरी असते. दिवसभर दमलेला माणूस ती आणायला पुन्हा घरी जात नाही. यात आळस नाही, गैरसोय आहे. जे हाताशी असते तेच वापरले जाते.

कोणी म्हणेल, काठावर छप्पर घालू. पण उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार मागे सरते. मग छप्पर एकीकडे आणि होडी दुसरीकडे. म्हणून आम्ही म्हणतो, पांघरूण होडीबरोबरच फिरू द्या.

ताडपत्रीची एक कड होडीच्या नाकाशी कायम बांधा. गुंडाळी तिथेच ठेवा. बाकीच्या कडांना दोरीचे फास करा. होडीला बाहेरून खुंट्या ठोका. फास खुंटीत अडकवला की झाले. रोज गाठी मारणे नको. मधे दोन बेचक्यांवर लांब बांबू ठेवा, म्हणजे घराच्या आढ्यासारखा उतार येतो व पाणी साचत नाही. दोन्ही टोकांना वारा जायला फट ठेवा. कोंडलेल्या ओलीनेही लाकूड कुजते.

होडी वर ओढायला तीन गोल ओंडके काठावरच ठेवा. लहान होडी दोन दगडांवर पालथी घातली तरी चालते. होडी झाकली तरी दोर झाडाला बांधायला विसरू नका. वर धरणातून पाणी सोडले की भीमा रात्रीतून चढते.

पुरात वस्तीवर माणसे अडकली, तर हीच होडी लागते. त्या वेळी फुटकी होडी काय कामाची? एक माणूस, एकट्याने, चटकन झाकू शकेल अशी सोय करा. मग होडी झाका, असे कोणाला सांगावे लागणार नाही.