गाभण कुत्री-मांजरांची सोनोग्राफी: कधी, कशी आणि कशासाठी?



मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जे जमले नाही ते आयर्लंडमध्ये मागे अंगण मिळाल्यावर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केले, म्हणजे घरात कुत्रा किंवा मांजर आणले. मग कधीतरी प्रश्न येतोच: "हिचे पोट मोठे दिसतेय, गाभण तर नाही ना?" माणसांसाठी मिळणारी घरगुती टेस्ट इथे चालत नाही. ती ज्या एचसीजी हार्मोनवर चालते, ते कुत्र्या-मांजरांत तयारच होत नाही. खात्रीचा सोपा मार्ग म्हणजे सोनोग्राफी. इथे तिला नुसते 'स्कॅन' म्हणतात.

हे तंत्र आपल्या शेजारचेच. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी 1958 मध्ये पोटाच्या सोनोग्राफीवरचा पहिला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. इथले शेतकरी तर मेंढ्यांचे स्कॅन सर्रास करतात. एक कोकरू आहे की दोन-तीन, हे पाहून पाठीवर रंगाची खूण करतात आणि त्याप्रमाणे खुराक ठरवतात.

कधी करावी?

कुत्री आणि मांजर दोघींचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, म्हणजे नऊ आठवडे. कुत्रीची सोनोग्राफी चार आठवडे पूर्ण झाल्यावर करणे उत्तम. तेव्हा पिल्लांच्या हृदयाचे ठोके स्पष्ट दिसतात. मांजरीत तीन आठवड्यांनंतरही कळते. फार लवकर गेलात तर "नाही" हे उत्तर चुकीचे ठरू शकते. सशाचा गर्भकाळ जेमतेम 31 दिवसांचा, तर गिनीपिगचा 59 ते 72 दिवसांचा. गिनीपिगची मादी सात-आठ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल, तर तिच्या कमरेची हाडे नीट सैल होत नाहीत आणि बाळंतपण जिवावर बेतू शकते. अशा मादीचा संशय आला की लगेच व्हेटकडे न्यावे.

कशी करतात?

भूल लागत नाही, दुखत नाही. पोटावरचे थोडे केस काढून जेल लावतात. तुम्ही डोके कुरवाळत उभे राहा, पंधरा-वीस मिनिटांत काम होते. पिल्ले जिवंत आहेत का, अंदाजे किती दिवसांची आहेत, हे कळते. नेमकी संख्या मात्र चुकू शकते, कारण पिल्ले एकमेकांआड लपतात. मोजायची असतील तर 55 दिवसांनंतर एक्स-रे काढतात.

कशासाठी?

पहिले कारण, कुत्रीला 'खोटे गाभणपण' येते. दूधही येते, पण पोटात पिल्लू नसते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो. कुत्री खूप पाणी पिते, खात नाही, उलट्या करते. याला 'गाभण आहे' समजून थांबलो तर जीव जाऊ शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तिसरे कारण म्हणजे बाळंतपणाची तयारी. किती पिल्ले आहेत हे ठाऊक असले, तर एखादे आत अडकले का ते समजते. जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू आले नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त वेळ गेला किंवा पहिल्या पिल्लाआधीच गडद हिरवा स्राव दिसला, तर घरगुती उपाय करत बसू नका, फोन करा. फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत सिझेरियन वरचेवर लागते.

जाण्यापूर्वी

• मीलनाची तारीख लिहून ठेवा.
• सोनोग्राफी करणारे डॉक्टर व्हेटरिनरी कौन्सिल ऑफ आयर्लंडकडे नोंदलेले आहेत ना, ते पाहा.
• रात्रीच्या तातडीच्या सेवेचा नंबर फ्रिजवर लावा.
• पॉलिसी वाचा. बऱ्याच विम्यांत गर्भारपणाचा खर्च धरलेला नसतो.
• कुत्र्याच्या पिल्लांना 12 आठवड्यांच्या आत, किंवा त्याआधी देणार असाल तर देण्यापूर्वी, मायक्रोचिप बसवणे 2016 पासून सक्तीचे आहे.

आणि पिल्ले नकोच असतील तर वेळीच नसबंदी करून घ्या. इथली निवारागृहे नको असलेल्या पिल्लांनी भरलेली असतात. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्या सर्वांना आमच्या शुभेच्छा!