अहवाल उशिरां कां येतो?

२०२२ सालच्या पावसाळ्यांतील गोष्ट. एका शहरांतील रक्तपेढींत दररोज सकाळीं संगणकावर एक अहवाल काढण्यांत येत असे. आज कोणत्या पिशव्यांची मुदत संपते आणि उद्यां कोणत्या संपतील, एवढीच माहिती त्यांत असावयाची. परंतु तिचें मोल श्रोत्यांच्या सहज ध्यानांत येईल. रक्तांतील प्लेटलेट्स हा घटक सामान्यतः पांचच दिवस टिकतो. ज्या पिशवीची मुदत आज संपणार, ती वेळेवर एखाद्या रुग्णाकडे पोंचली नाहीं तर टाकून द्यावी लागते, आणि कोणा दात्याचें दान व्यर्थ जातें.

हा अहवाल पूर्वीं क्षणांत उघडे. पुढें त्याला अर्धें मिनिट लागूं लागलें, आणि एके दिवशीं तो उघडेचना. पांढऱ्या पानावर ५०४ हा आंकडा तेवढा दिसे. तेथील तंत्रज्ञ बाई मला म्हणाल्या, "मी तीन-चार वेळां बटण दाबतें, म्हणजे एखादे वेळीं उघडतो."

या ५०४ चा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. आपण पाहतों तें पान वेब-सर्व्हर आपल्यापुढें ठेवतो; पण माहिती त्याच्यामागें असलेल्या डेटाबेसमध्यें असते. सर्व्हर उत्तराची वाट पाहतो, परंतु अमर्याद नव्हे. एन्जिनएक्स नांवाचा बहुप्रचलित सर्व्हर, निराळी सूचना नसेल तर, ६० सेकंद थांबतो आणि मग ५०४ म्हणून मोकळा होतो. गंमत अशी कीं, मागच्या डेटाबेसला बहुधा याची वार्ताच नसते. दारावरचा शिपाई कंटाळून निघून गेला तरी आंतला कारकून दप्तर चाळीतच बसलेला असतो. त्यांत बाईंनीं पुन्हां बटण दाबलें कीं दुसरा कारकून तेंच दप्तर पहिल्या पानापासून चाळूं लागतो. चार वेळां दाबलें, चार कारकून. आणि एकमेकांच्या कोपरांत कोपर घालून सर्वांचेंच काम रखडतें.

अशा वेळीं पहिला सल्ला मिळतो तो मोठें यंत्र घेण्याचा. मींही तोच दिला होता, हें कबूल केलें पाहिजे. यंत्राची स्मृति वाढविण्यांत आली. कांहीं दिवस बरे गेले, आणि पुन्हां येरे माझ्या मागल्या. तेव्हां कोठें मला सुचलें कीं, वेळ नक्की कोठें जातो हें आपण अजून पाहिलेंच नाहीं.

तें पाहण्याची सोय डेटाबेसमध्येंच असते. येथें मायएस्क्यूएल होता. रेंगाळणाऱ्या प्रश्नांची स्वतंत्र नोंदवही तो ठेवूं शकतो. मात्र ती मुळांत बंद असते, आणि उघडली तरी १० सेकंदांहून अधिक वेळ घेणारे प्रश्नच तींत टिपले जातात. आम्हीं ती उघडून मर्यादा एका सेकंदावर आणली. दुपारपर्यंत अपराधी सांपडला: मुदतीच्या तारखेवरून पिशव्या शोधणारा एकच प्रश्न.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्या. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं जी पद्धति मांडली, तींत काय हवें एवढेंच आपण सांगावयाचें. तें कोणत्या वाटेनें शोधावें हें डेटाबेस ठरवितो. प्रश्नाच्या आरंभीं 'एक्स्प्लेन' हा शब्द लिहिला कीं तो आपली वाट दाखवितो. आमच्या प्रश्नाची वाट सरळ पण भयंकर होती: तक्त्यांतील प्रत्येक ओळ वाचणें. रक्तपेढी सुरू झाल्यापासूनची प्रत्येक पिशवी, कधींच वापरून संपलेलीसुद्धां, रोज सकाळीं एकदां तपासली जात होती! अहवाल दिवसेंदिवस कां मंदावत गेला, याचा उलगडा झाला.

वास्तविक तारखेची सूची तेथें तयार होती. या सूचीची रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्रेट यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केली. एका पृष्ठावर ३०० निर्देश मावतात असें धरा. तर पहिल्या पायरीवर ३००, दुसरीवर ९० हजार आणि तिसरीवर २ कोटि ७० लक्ष नोंदींपर्यंत पोंचतां येतें. तीन पानें उलटलीं कीं काम झालें. मग एवढी सोय असून डेटाबेस तिच्याकडे पाठ कां फिरवीत होता?

जुनी टेलिफोनची सूची आठवा. तींत केळकर शोधणें सोपें, कारण नांवें आडनांवाच्या आद्याक्षरानें लाविलेलीं असतात. पण ज्यांच्या आडनांवाचा शेवट 'कर' असा आहे ते सर्व शोधा म्हटलें, तर केळकर, आगरकर, पेंढारकर जागोजाग विखुरलेले. अख्खें पुस्तक वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमचा प्रश्न याच जातीचा होता. तक्त्यांत मुदत तारीख आणि वेळ अशी जोडीनें नोंदलेली, आणि प्रश्न लिहिणाऱ्यानें म्हटलेलें, 'प्रत्येक नोंदींतून वेळ काढून टाक आणि उरलेली तारीख आजची आहे का पाहा.' सूची मूळ नोंदींची. काटछाट केलेल्या नोंदींची नव्हे. म्हणून ती निरुपयोगी ठरली. तोच प्रश्न 'आज मध्यरात्रींपासून उद्यांच्या मध्यरात्रीपूर्वींपर्यंत' असा लिहितांच सूची कामास लागली. बदल एका ओळीचा!

आणखी एक दोष त्याच पानावर होता. पिशव्यांची यादी मिळाल्यावर प्रत्येकीच्या दात्याचा तपशील स्वतंत्र प्रश्नानें विचारला जाई. चाळीस जिनसांसाठीं मुलाला वाण्याकडे चाळीस खेपा घालावयास लावण्यासारखें हें आहे. दोन्ही तक्ते जोडून एकच प्रश्न केला.

अशा सूच्या सरसकट वाढविणें मात्र बरें नव्हे. नवी पिशवी नोंदतांना प्रत्येक सूचींतही भर घालावी लागते, म्हणजे वाचण्याचें ओझें लिहिण्यावर पडतें. आम्हींच घाबरून पहिल्या आठवड्यांत तीन सूच्या जादा केल्या होत्या. त्या तशाच पडून होत्या, काढून टाकल्या.

दुसऱ्या सकाळीं बाईंनीं संवयीनें बटण दोनदां दाबलें. अहवाल पहिल्याच वेळीं उघडला होता. त्या दिवशीं मुदत संपणाऱ्या पिशव्यांचे क्रमांक त्यांनीं वहींत उतरून घेतले आणि टेलिफोन उचलला.