जुनी जीप घरी राखताना

मोटार दुरुस्ती हा विषय कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी निवडावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. तथापि इतिहासाच्या तासाला आपण ज्याला ‘साधन’ म्हणतो, तसे एक साधन आमच्या पेणच्या घराच्या पडवीत बारा वर्षे ताडपत्रीखाली उभे होते. १९६९ साली नोंदलेली, आजोबांनी पुढे जुन्यात घेतलेली ती महिंद्राची पेट्रोल जीप होय. भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडे आणि श्रावण-भाद्रपदात पेंढ्यात बसवलेले गणपती तिने वाहिले. आजोबा गेल्यावर ती थांबली. ती पुन्हा चालती करताना आम्ही काय शिकलो आणि काय चुकलो, हे येथे सांगावयाचे आहे.

अमेरिकेची गाडी आपल्याकडे

अमेरिकेत जुन्या मोटारी घरच्या आवारात दुरुस्त करण्याचा छंद मोठा आहे. तेथे ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्या प्रामुख्याने १९६० च्या दशकातल्या. मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचे भले मोठे इंजिन बसवावयाचे, ही त्यामागील कल्पना. १९६४ च्या पाँटियाक जीटीओचे इंजिन ६.४ लिटरचे व ३२५ अश्वशक्तीचे होते. आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे अशा गाड्या फारशा आल्याच नाहीत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन मोटारी तयार होत असत, परंतु त्या श्रीमंतांच्या. खेड्यापाड्यापर्यंत पोचलेली अमेरिकन घडणीची गाडी म्हणजे जीप.

१९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना गती मिळणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहान कंपनीने दिला. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. महिंद्रा बंधूंची कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड महंमद’ असे होते. १९४७ पासून तिने जीपची जुळणी हाती घेतली. भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. आमची गाडी ज्या घडणीची आहे ती ‘सीजे-३बी’ अमेरिकेत १९५३ साली निघाली व १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षे बनत राहिल्या. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही कुर्ल्याच्या जुन्या बाजारात धुंडाळले तर मिळतात.

या जीपचे बोनेट इतके उंच का, असे अनेकजण विचारतात. त्याचे कारण इंजिनात आहे. आधीच्या जीपमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारा व जळका धूर बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व बाजूला ब्लॉकमध्ये असत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व वर हेडमध्ये नेला आणि धुराचा तेवढा बाजूस ठेवला. श्वास मोकळा झाला, शक्ती साठावरून सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीपर्यंत गेली. पण इंजिन उंच झाले, म्हणून बोनेटही उंच करावे लागले.

भंगार, डिझेल की मूळ इंजिन?

दोन वर्षांपूर्वी भंगारवाला दारात आला आणि वजनावर भाव सांगून गेला. माझी कॉलेजची फी, बहिणीची शाळा, हे सारे बाबांच्या डोळ्यांपुढे होते. बाबा सातवीपर्यंत शिकलेले आणि जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवीत आलेले. ते म्हणाले, “विकायची नसेल तर डिझेल इंजिन टाकू. पेट्रोलला लिटरमागे सात-आठ किलोमीटर देते ती. कोण पोसणार?”

बाबांचे म्हणणे व्यवहाराचे होते. १९७३ नंतर पेट्रोल महागत गेले, तेव्हा असंख्य जीपमालकांनी हेच केले. त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिन असलेल्या जीप आता थोड्या उरल्या आहेत. माझे म्हणणे एवढेच होते, की इंजिन बदलले तर आजोबांची गाडी उरणार नाही, तिचा सांगाडा उरेल. अखेर बाबांनी अट घातली. मूळ इंजिन मोकळे फिरले तर ठेवू, नाहीतर भंगारवाल्यास बोलावू.

इंजिन मोकळे करणे

बारा वर्षे बंद असलेले इंजिन बॅटरी जोडून एकदम चालू करू पाहणे, ही सर्वांत घातक घाई होय. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंज धरलेला असतो. पिस्टन जोराने फिरला की रिंगा मोडतात आणि भिंतीवर ओरखडे उठतात. आम्ही चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइलचे मिश्रण थोडे थोडे ओतले आणि आठ दिवस थांबलो. जीपला पुढून हँडल मारण्याची सोय आहे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मूठ आवळू नये. इंजिनने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, हे बाबांनी मला आधी तीनदा बजावले. नवव्या दिवशी हँडल अर्धा फेरा फिरले. बाबा काही बोलले नाहीत, पण भंगारवाल्याचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पुढे हेड उतरवताना माझी चूक झाली. धुराच्या मॅनिफोल्डचा एक स्टड गंजून बसला होता. मी पान्याला पाइप लावून जोर केला आणि स्टड मुळाशी तुटला. तो काढण्यासाठी रोह्यास एका लेथवाल्या मिस्त्रीकाकांकडे जावे लागले. त्यांनी तुटक्या स्टडच्या बरोबर मध्यावर बारीक भोक पाडले, भोवतालचे बीड तापवले आणि उलट्या आट्याच्या हत्याराने तो बाहेर काढला. “बाळ, आधी तापवायचं, मग तेल, मग वाट बघायची आणि शेवटी जोर,” असे ते म्हणाले. बीड तापले की प्रसरण पावते आणि आट्यांतील गंजाची पकड सैल होते, हे पदार्थविज्ञान मी शाळेत पाठ केले होते. त्याचा उपयोग कोठे करावा, हे मला रोह्यात कळले.

व्हॉल्व घासणे, हेडचा पृष्ठभाग सपाट करणे ही कामे घरी करू नयेत, ती लेथवाल्याकडेच द्यावीत. जुळणी मात्र घरी होते. थंड इंजिनावर वरच्या व्हॉल्वची फट ०.०१८ इंच, धुराच्या व्हॉल्वची ०.०१६ इंच, पॉइंटची ०.०२० इंच आणि प्लगची ०.०३० इंच ठेवावी. ठिणगीचा क्रम १-३-४-२. मी फीलर गेजची पाती चाळून मोजतो. बाबा पाते सरकवून हाताला लागणाऱ्या ओढीवरून सांगतात, आणि बहुधा त्यांचेच बरोबर निघते.

आधी ब्रेक, मग वेग

इंजिन चालू झाले की गाडी रस्त्यावर काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. या जीपच्या चारही चाकांच्या ब्रेकना एकच मास्टर सिलिंडर व एकच मार्ग आहे. आजच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक फुटला तर दुसरा उरतो. येथे कोणत्याही एका चाकाशी गळती झाली की पायाखालचा पेडल थेट तळाला जातो. शिवाय मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली, चिखलपाण्याच्या वाटेवरच आहे. म्हणून सर्व रबरी वॉशर, नळ्या व होज नवे घातल्याशिवाय गाडी आवाराबाहेर नेऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि आतून गंज चढवते. आपल्या कोकणच्या हवेत ते दर दोन वर्षांनी बदलणे इष्ट.

गंज हा खरा शत्रू

अमेरिकेच्या कोरड्या प्रांतांत जुन्या गाड्या उघड्यावर टिकतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि पेणच्या पश्चिमेस खाड्या व मिठागरे. जीपच्या तळपत्र्याखाली आधारासाठी उलट्या पन्हळीसारख्या पट्ट्या असतात. त्यांत चिखल साचतो व पत्रा आतून खातो. वरून रंग शाबूत दिसतो, पण हातोडीने हलके ठोकले की आवाज बद्द येतो. असा पत्रा पुट्टी भरून झाकणे म्हणजे स्वतःची फसवणूक. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापावा, तेवढाच नवा तुकडा वेल्ड करावा आणि दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड द्यावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. वेल्डिंगपूर्वी ती काढून दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षाही धोक्याची, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. रंगकाम हिवाळ्यात उरकावे. दमट हवेत रंग वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते.

नित्याची निगा

दुरुस्ती एकदा होते, निगा रोजची असते. अनुभवावरून काही गोष्टी सांगतो.

रेडिएटरमध्ये खारेपाटातील विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. क्षारांचे थर बसून मार्ग बुजतात व क्षार बिडालाही खातात. शुद्ध पाणी व कूलंट वापरावे.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मऊ करते आणि पाणी ओढून घेते. पंपाचा पडदा व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट भरून ठेवू नये. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. शिशामुळे धुराच्या व्हॉल्वच्या बैठकीला संरक्षण मिळे. म्हणून हेड-ब्लॉकचे काम निघालेच तर तेथे कठीण धातूच्या बैठकी बसवून घ्याव्यात.

पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. स्प्रिंगच्या शॅकलना व इतर निपलांना नियमित ग्रीस द्यावे. पाण्यातून गाडी गेल्यास पुढे काही अंतर ब्रेक हलका दाबून ड्रम वाळवावेत. आणि महिन्यातून दोनदा तरी इंजिन पुरते तापेपर्यंत गाडी चालवावी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते.

कागदपत्रे

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते. या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये झाले. दुसरा मार्ग २०२१ च्या नियमांचा. पन्नास वर्षांवरील गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्यासाठी २०,००० रुपये भरावे लागतात, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात व नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तिचा सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे आम्ही डिझेल इंजिन बसवले असते, तर हा मार्ग कायमचा बंद झाला असता.

आम्ही तूर्त पहिला मार्ग धरला आहे. बाबांचे म्हणणे असे, की जी गाडी शेतावर जाऊ शकत नाही ती घरात कशाला? यावर मला उत्तर सुचले नाही. इंजिन माझ्या मनासारखे राहिले, वापर त्यांच्या मनासारखा होईल. जिल्ह्याचे परिवहन कार्यालय पेणमध्येच असल्यामुळे तपासणीस दूर जावयाचे नाही. हेडलाइटचे काम व मागचा एक ब्रेक एवढे उरले आहे.

जुनी जीप टिकते याचे कारण तिच्यात काही जादू आहे असे नाही. ती उघडता येते, पाहता येते, साध्या पान्याने सोडवता येते, आणि ज्याने सोडवली त्याला ती समजते. असे समजलेले पुस्तकांत फारसे उतरलेले नाही. ते बाबांच्या आणि रोह्याच्या मिस्त्रीकाकांच्या हातांत आहे, आणि हात थकत चालले आहेत. म्हणून मी एक वही घातली आहे. डाव्या पानावर बाबा सांगतात ते लिहितो, उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झाले ते. तुटलेल्या स्टडची नोंदही तिच्यात आहे. पूर्वी बाबा माझ्या वह्यांना हात लावीत नसत. ही मात्र ते अधूनमधून मागून घेतात आणि माझ्या चुका दाखवतात. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी, इंजिन किंवा पंप पडून असेल, त्यांनी वही जरूर पाहावयास यावे.

— द्वितीय वर्ष, कला