जुनी मोटार : ठेवावी कीं विकावी?

जुनी मोटार बंद पडते तेव्हां ती विकण्याचा विचार सहज सुचतो. खरा पेंच पडतो तो ती दुरुस्त होऊन दारीं परत आल्यावर. गृहस्थ म्हणतो, "एवढे पैसे घातले, आतां विकायची कशाला?" हा युक्तिवाद सयुक्तिक दिसतो, पण कसोटीस उतरत नाहीं. गेलेले पैसे मोटार ठेवूनही परत येत नाहींत व विकूनही येत नाहींत. सबब ते दोन्ही पारड्यांतून काढावे आणि पुढील खर्च तेवढा तोलावा.

बार्शीटाकळीच्या आमच्या घरीं २०१० सालची मारुति ८०० आहे. या जातीच्या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते; पुढें तपासणी करून पांच पांच वर्षांसाठीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. त्याचें शुल्क पूर्वीं सहाशें रुपये होतें. १ एप्रिल २०२२ पासून तें पांच हजार झालें. त्यांत पर्यावरण कर, विमा व संभाव्य दुरुस्ती मिळवून पांच वर्षांची बेरीज मांडावी.

संस्कृतांत 'अर्धजरतीय न्याय' म्हणून एक न्याय आहे. एकाच वस्तूचा अर्धा भाग तरुण म्हणून घ्यावा व अर्धा जरठ म्हणून टाकावा, हें संभवत नाहीं. इंजिन नवें झालें, पण तळाचा सांगाडा गंजानें खाल्ला असेल, तर ती गाडी जुनीच समजावी.

परंतु एक बाब वहींत मावत नाहीं. घरांत सत्त्याऐंशी वर्षांच्या मातोश्री आहेत. मध्यरात्रीं त्यांच्या छातींत कळ आली, तर अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय गांठलें पाहिजे. एस. टी. व अकोला-पूर्णा मार्गावरील आगगाड्या आपल्या वेळीं धांवतात. १०८ ची रुग्णवाहिका त्याच घटकेस दुसऱ्याच्या दारीं गेलेली असूं शकते. म्हणून मोटार हवी, हें खरें. पण जी ऐन वेळीं सुरू होईल याची शाश्वती नाहीं, ती नसलेली बरी. कारण तिच्या भरंवशावर आपण दुसरी सोय करून ठेवीत नाहीं.

आमच्या गाडीचा सांगाडा शाबूत निघाला, म्हणून ती ठेवण्याचें ठरलें. मात्र वर्षाच्या दुरुस्तीची मर्यादा आधींच वहींत लिहिली आहे. ती ओलांडली कीं गाडी विकावयाची. शिवाय शेजारच्या भाड्याच्या गाडीवाल्याशीं रात्रीअपरात्रीं येण्याचें बोलून ठेवलें आहे.

विकतांना एक पथ्य अवश्य पाळावें. नोंदणी खरेदीदाराच्या नांवें होईपर्यंत निश्चिंत राहूं नये. दप्तरांत ज्याचें नांव, तोच मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत दिला. गाडी दुसऱ्याच्या हातीं असतां अपघात घडला, तरी भरपाईचा बोजा जुन्या धन्यावर येऊं शकतो. सबब पैसे मोजून घेतले म्हणजे व्यवहार पुरा झाला, असें मानूं नये. नांव बदललेला कागद डोळ्यांनीं पाहावा.