हेगचा अभिप्राय आणि भारताची भूमिका

पॅसिफिक महासागरातील व्हानुआतू हे राष्ट्र आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस नकाशावर चटकन सापडणार नाही. २०१९ साली त्या सागरातील बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एक प्रश्न उभा केला. इतरांनी सोडलेल्या कर्बवायूंमुळे समुद्र चढून आमची भूमी बुडत असेल, तर त्या राष्ट्रांवर कायद्याने काही जबाबदारी येते की नाही? व्हानुआतूने तो उचलून धरला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो मतदानावाचून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे धाडला. आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने उत्तर दिले की, येते.

हा सल्लादाखल अभिप्राय आहे, बंधनकारक निवाडा नव्हे. तथापि तो बासनात बांधून ठेवण्यासारखा खचितच नाही. २०१५ च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्रास आपले लक्ष्य आपणच ठरविण्याची मुभा दिली. परीक्षार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, त्यातलाच हा प्रकार! न्यायालयाने ही मोकळीक पुष्कळच आवळली आहे. लक्ष्य ठरविताना कठोर दक्षता घेतलीच पाहिजे. कोळसा-तेलाच्या उत्खननास परवाने वा अनुदाने देणे हेही आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकेल. आणि कार्यकारणसंबंध पुरेसा थेट व निश्चित असल्यास भरपाईही देय होईल, असे त्याने बजावले आहे.

अशा वेळी भारत कोठे उभा होता? डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत विद्यमान करारांपलीकडे नवी बंधने निर्माण करू नयेत, असे आपल्या प्रतिनिधीने न्यायालयास विनविले. अमेरिकेचा रोखही तोच होता, ही संगत आम्हांस खटकते. भारताचे गाऱ्हाणे खोटे नव्हे. त्यापूर्वीच्याच महिन्यात बाकू येथे विकसनशील राष्ट्रांनी वर्षास १३०० अब्ज डॉलर मागितले, आणि पदरात पडले ते २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्जांचे आश्वासन. भारताने भर सभेत त्याचा निषेध केला, तो योग्यच होता. परंतु ज्याची फिर्याद इतकी सबळ, आणि ज्याचे लक्षद्वीप समुद्रसपाटीहून जेमतेम वर आहे, त्याने वादीची जागा सोडून प्रतिवादींच्या घोळक्यात का शिरावे?

कारण उघड आहे. 'विकसित' व 'विकसनशील' ही बिरुदे कायमची नसतात, असे न्यायालयाने म्हटले आहे, आणि दिल्लीस भीती आहे ती नेमकी याचीच. बाकूची तक्रार आज अधिक बळाने मांडता येईल. मात्र ती मांडावयाची, तर आपल्या कोळशाच्या नव्या खाणींचाही हिशेब पुढे ठेवावा लागेल.