रक्ताचा कर्करोग आणि प्रौढ रुग्णाच्या गरजा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

रोगाचे स्वरूप वैद्यकशास्त्र निश्चित करते. रोग्याच्या गरजा निश्चित करताना मात्र त्याचे कुटुंब, त्याचा व्यवसाय, शासनाचे नियम आणि या सर्वांना जोडणारी भाषा यांचाही विचार करावा लागतो. रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त अशा प्रौढ व्यक्तींच्या सामाजिक व आर्थिक गरजांचा विचार या दृष्टीने फारसा झालेला नाही. अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याच्या चौदा तालुक्यांत बागायती सधनता आणि अवर्षणग्रस्त दारिद्र्य ही शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे या प्रश्नाच्या विविध बाजू येथे एकत्र पाहावयास मिळतात.

प्रथम रोगाचे वेगळेपण ध्यानी घेतले पाहिजे. ‘ल्युकेमिया’ ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ फिर्खो याने १८४७ मध्ये रूढ केली. तिचा ग्रीक अर्थ ‘पांढरे रक्त’ असा आहे. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हे रक्ताच्या कर्करोगाचे तीन प्रमुख वर्ग होत. स्तन वा मुख यांच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने गाठ काढणे हा उपचाराचा मोठा भाग असतो. रक्ताच्या कर्करोगात मुख्य भिस्त औषधांवर असते. तीव्र लिम्फोब्लास्टिक प्रकारात उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, तर चिरकारी मायलॉइड प्रकारात रोजची गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते. तीव्र प्रकारांच्या उपचारकाळात रक्त व प्लेटलेट वारंवार द्यावे लागतात. प्लेटलेट सुमारे पाचच दिवस टिकतात. म्हणून पैसा हाती असूनही रक्तदाते जवळ नसले तर उपचार अडतो. मूलपेशी-प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक इतकीच असते. तात्पर्य, या रोगात नातेवाईक व गावकरी हे उपचाराच्या साधनांपैकीच एक होत.

प्रौढ रुग्णाची स्थिती बालरुग्णाहून निराळी असते. मूल आजारी पडले तर मिळवते हात घरात शिल्लक राहतात. प्रौढ आजारी पडला तर मिळवता हातच थांबतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ होतो आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळणारी ‘उचल’ त्या कोयत्यावर ठरते. दोघांपैकी एक अंथरुणाला खिळल्यास उरतो तो ‘अर्धा कोयता’. त्याचीही मजुरी बुडते, कारण रुग्णासोबत कोणीतरी राहावेच लागते. घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच राहते. ‘उपचाराचा खर्च’ या शब्दप्रयोगात बुडालेली मजुरी व उचलीचे ओझे यांचा समावेश होत नाही. म्हणूनच ती हिशेबातही येत नाहीत.

संघटित कामगाराची अवस्था तुलनेने बरी म्हणता येईल. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमा उतरलेल्या कामगारास सामान्य आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, तर कर्करोगासारख्या दीर्घ रोगांत अटी पूर्ण केल्यास सुमारे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम मिळू शकते. औद्योगिक वसाहतीतील नोंदणीकृत कामगारास हे संरक्षण आहे; त्याच तालुक्यातील शेतमजुरास ते नाही. दोघांचा रोग एकच असतो, पण मजुरी बुडणे ही एकाच्या बाबतीत कायद्याने मान्य केलेली हानी असते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती त्याची खाजगी अडचण ठरते.

उपचाराच्या प्रत्यक्ष खर्चाबाबत महाराष्ट्रात बरीच प्रगती झाली, हे मान्य केले पाहिजे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२४ पासून तिची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्षी दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली. सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखण्याची योजना २००६ पासून न्यायालयाच्या आदेशाने लागू आहे. औषधांच्या किमतीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा निर्णय महत्त्वाचा ठरला. इमॅटिनिबच्या एका रूपावर नोव्हार्टिस कंपनीने मागितलेले एकस्व न्यायालयाने नाकारले. त्या काळी मूळ कंपनीच्या औषधास महिना लाखावर रुपये पडत, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळे. निकालामुळे हा स्वस्त मार्ग खुला राहिला.

तथापि रुग्णालयाच्या देयकाबाहेरच्या गरजा उरतातच. निदान पक्के होईपर्यंतच्या तपासण्या, परगावचा मुक्काम आणि सोबत्याचे जेवण यांचा भार पुष्कळदा कुटुंबच उचलते. लोणी येथील ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यातच असले, तरी विशेष उपचारांसाठी अनेकांना पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागते. रेल्वेने कर्करुग्णास शयनयानात पूर्ण व सोबत्यास ७५ टक्के सवलत दिली आहे. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी परगावच्या रुग्णांच्या निवाऱ्याची मोठी गरज भागविली आहे. असे असले तरी महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारात जागेची चिंता संपत नाही.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ग्रामीण भागात कुटुंबीय रोगाचे नाव सहसा उच्चारीत नाहीत. ‘रक्त कमी झाले आहे’, ‘पेशी वाढल्या आहेत’ असे सांगितले जाते. ‘पेशी’ हा शब्द डेंग्यूमुळे सर्वपरिचित झाल्याने दुखणे चार दिवसांचे असावे, असा शेजाऱ्यांचा समज होतो. या मौनामागे रुग्णाविषयीची माया असते, मुलीबाळींच्या लग्नाची चिंता असते आणि रोग संसर्गजन्य असल्याची चुकीची भीतीही असते. परंतु साहाय्याच्या प्रत्येक अर्जात रोगाचे नाव स्पष्ट लिहावे लागते. जे नाव घरात लपवावयाचे, तेच तलाठी कार्यालयात आणि तहसीलमध्ये सांगावयाचे, असा हा पेच आहे. परिणामी अर्ज उशिरा होतो किंवा होतच नाही. शिवाय डोक्यावर केस परत आलेला रुग्ण ‘दिसावयास बरा’ असतो. त्याची प्रतिकारशक्ती अद्याप क्षीण आहे हे सांगणारा सोपा शब्द बोलीत नसल्याने तो कामचुकार ठरतो.

योजनांची नावेही विचारात घेण्याजोगी आहेत. १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्तीचा समावेश आहे. तिचे मासिक अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाले. पण ज्याला दोन मुलगे आहेत आणि ज्याच्या नावे एकरभर जिराईत आहे, असा शेतकरी स्वतःला ‘निराधार’ म्हणवून घेण्यास कचरतो. ज्याच्याकडून कालपर्यंत घराला आधार होता, त्याने आधार नसल्याचे लिहून द्यावे, अशी ही अपेक्षा असते. कायद्याच्या परिभाषेतही अशीच मर्यादा दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्तविकार आहेत. रक्ताचा कर्करोग नाही.

या विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. रुग्णालयात निदान सांगितले जाते त्याच वेळी मजुरी, कर्ज, सोबत व मुक्काम यांची विचारपूस समाजसेवा अधीक्षकाने केली, तर गरज अर्जापर्यंत पोहोचण्यास महिने लागणार नाहीत. अर्जाची भाषा रुग्णाचा मान राखणारी असावी. गावपातळीवर ही माहिती पोहोचविण्याचा मार्ग जिल्ह्याला अपरिचित नाही : जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यशिक्षण देण्यात आले आणि त्यांच्या तोंडून ते ज्ञान घरोघरी गेले. त्या स्त्रियांचे बळ गावच्या बोलीत होते. रक्ताच्या कर्करोगाविषयी, तो संसर्गाने होत नाही याविषयी आणि उपलब्ध साहाय्याविषयी त्याच बोलीत बोलले गेले, तर अर्ध्यावर उपचार सोडणाऱ्यांपैकी काहींचे तरी प्राण वाचतील. भाषा, समाज व वैद्यक या तिन्ही शास्त्रांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन हाती घ्यावे, असे हे कार्य आहे.